ओढ्याचे सात गुंठे

पंचगंगेकाठच्या त्या गावात नळाच्या पाण्याला वास येणं नवं राहिलं नव्हतं. "वरच्या गावांची घाण," असं म्हणून सयाजीराव पाटील हात झटकत. त्यांच्या घरी पिण्याच्या पाण्याचा जार यायचा.

यंदाच्या चैत्रात नदी आटली आणि काळी पडली. एका सकाळी मेलेल्या माशांचा पांढरा पट्टा काठाला लागला. त्या आठवड्यात गावात काविळीचे पाच रुग्ण निघाले, पुढच्या आठवड्यात तीस. सयाजीरावांची लेक स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना होता. तिचे डोळे पिवळे झाले.

"जारचं पाणी पितोय की आमी," सयाजीराव कोल्हापुरातल्या डॉक्टरांना म्हणाले.

"भाजी कशानं धुता? चूळ कशानं भरता?"

सयाजीरावांना मोरीतला नळ आठवला.

वॉर्डाबाहेर त्यांच्याच गावचे प्रभुलिंगअण्णा बसले होते. माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांची बायको शिवम्मा आत काविळीनंच पडली होती.

"सयाजीराव, चार वर्षांमागं तुमी तुमच्या रानातला सांडपाण्याचा ओढा पाइपात घातला," अण्णा सावकाश म्हणाले.

"ऊस वाढवला. त्यात काय चुकलं?"

"गावाचं सांडपाणी तुमच्या खालच्या सात गुंठ्यांत पसरायचं. लव्हाळ्यात थांबायचं, मातीत मुरायचं, मग झिरपत नदीला जायचं. वाळू गाळ अडवायची, मातीतलं बारीक जीव घाण खायचं. आता सगळं थेट नदीत पडतंय. आन् गावाच्या नळाचा पंप त्याच्या खाली दोनशे पावलांवर हाय."

"सगळी नदी काय मी एकट्यानं नासवली?"

"न्हाय. पर तुमचा पाइप तुमच्याच हातात हाय की."

तेवढ्यात नर्सनं सयाजीरावांना आत बोलावलं. बाळ वाचलं नव्हतं. स्वप्नाली चार दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी बाळाचं विचारलं. सयाजीराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

लेक घरी आली त्याच दिवशी त्यांनी सात गुंठ्यांतला उभा ऊस तोडायला घेतला. पाइप उखडला. अण्णांनी आखणी करून दिली. आधी गाळ बसायला खड्डा, मग खडी, वाळू आणि मातीचे थर, वर लव्हाळा आणि कर्दळ.

"पाटील, ऊस काढून घाण पेरताय व्हय?" कुणीतरी बांधावरून हसून विचारलं.

"घाण आपलीच हाय," सयाजीराव म्हणाले. "माझी लेक बघून या, मग हसा."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा माणसं फावडी घेऊन आली.

पावसाळा सरला. मातीतून झिरपलेल्या पाण्याची बाटली अण्णांनी उन्हात धरली. वास गेला होता, गढूळपणा जवळजवळ नव्हता. "हे प्यायचं न्हाय हं," त्यांनी बजावलं. "पिण्याचं शुद्ध करूनच प्यायचं. पर हे नदीला मारणार न्हाय."

वरच्या वळणावर मात्र दुसऱ्या गावाचा पाइप अजून काळं पाणी ओकत होता. सयाजीरावांनी पायात चपला घातल्या आणि ते त्या गावाकडे निघाले. लेकीची गोष्ट तिथं पुन्हा सांगायची होती, आणि ती सांगणं सोपं नव्हतं.

नागरिकहो, माती आपली घाण गाळून देते. त्यासाठी ती फक्त जागा आणि वेळ मागते. ती जागा आपण बळकावली, तर गाळायचं काम आपल्या लेकराबाळांच्या शरीरावर येऊन पडतं.