आठवड्याचा विषय: दीर

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी गरीब बिचारा वगैरे मुळीच नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असं तुम्ही वाचलं असेल. माझा येत नाही. माझ्यावर खोटा आळ आला होता, आणि ज्याने तो घेतला त्याची मी पुरेपूर परतफेड केली. ती कशी केली, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण दिसला तरी माणसं दचकत. डोक्याला टोपी बांधलेल्या एका बाईने मला भिंग बसवलं आणि भिंतीवरच्या बारीक रेघांच्या तक्त्यासमोर धरलं. रेघ न रेघ सुटी दिसली. ती समाधानाने हसली आणि तिने मला पुढच्या टेबलाकडे सरकवलं. म्हणजे माझी नजर जन्मापासून चोख होती. पुढे याच नजरेवरून माझी अब्रू गेली, म्हणून हे आधी सांगितलं.

बाजारातल्या एका कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मालकाने मला विकत घेतलं. सुरुवातीची वर्षं काय सुखाची होती! मालक मला मऊ ब्रशने पुसायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. ‘हा माझा उजवा हात,’ असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. माझ्या भिंगाच्या कडेला एक बारीकशी कळ आहे. ती सरकवली की मी आपला आपण फोकस धरतो. पण मालकाने ती कधीच सरकवली नाही. ‘यंत्रानेच फोकस धरायचा, तर मी काय टाळ्या वाजवायला उभा राहू?’ असं म्हणून तो भिंगाची कडी बोटांनी फिरवायचा. तेव्हा ते त्याला शोभायचंही, कारण तेव्हा त्याचा डोळा चांगला होता.

मग त्याचं वय झालं. पाकिटावरचं नाव तो हात लांब करून वाचू लागला. सुईत दोरा ओवायचा तर तोंड वेडंवाकडं होऊ लागलं. पण चष्म्याचं नाव काढलं की अंगावर धावून यायचा. ‘फोटोग्राफरने चष्मा लावला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. आणि कडी मात्र हातानेच फिरवणं चालू होतं.

एकदा एका शाळेतल्या मुलांचा वर्गाचा फोटो काढायचं काम आलं. मालकाने कडी फिरवली, त्याच्या डोळ्याला पटलं तिथे थांबवली आणि फोटोचं बटण दाबलं. मी आतून ओरडत होतो, अरे, अजून थोडी फिरव! पण माझं कोण ऐकतो? फोटो तयार झाले तेव्हा मुलांच्या मानांवर चेहऱ्यांच्या जागी नुसते डाग होते. मुख्याध्यापिका बाई ते घेऊन तरातरा स्टुडिओत आल्या.

“यातला कोणता मुलगा कोण, ते आता तुम्हीच ओळखून सांगा,” त्या म्हणाल्या.

मालकाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. “बाई, माझी चूक नाही हो. कॅमेऱ्याचा फोकस गेलाय. ऐन वेळी दगा दिला याने.”

दगा! मी! एवढं बोलून तो थांबला नाही. बाईंच्या देखत त्याने मला एका खोक्यात आदळलं आणि माझ्या कपाळावर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर ‘बाद’ असं लिहिलं. लगेच त्याने एक नवा कॅमेरा आणला. तो नवा सगळं आपलं आपण करायचा, आणि मालक ते गुपचूप चालवून घ्यायचा. माझ्या बाबतीत ज्याची लाज वाटत होती, ते नव्याच्या बाबतीत चाललं. मी खोक्यात, फाटक्या अल्बमच्या पुठ्ठ्यांखाली, मेलेल्या बॅटऱ्यांच्या संगतीत पडून राहिलो. तिथे मला एकच काम होतं, ते म्हणजे राग शिळा होऊ न देणं. ते मी मन लावून केलं.

गिऱ्हाईक वाढावं म्हणून मालकाने फोनवर एक ग्रुप काढला. दर सोमवारी तो एक विषय द्यायचा, लोकांनी आठवडाभरात त्यावर एक फोटो काढून पाठवायचा आणि मालकाने सगळ्यांच्या देखत त्यावर शेरा मारायचा. शेरे मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मालकाच्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. एक दिवस डबा ठेवून ती तिथेच रेंगाळली.

“भावजी, मलाही घ्या की तुमच्या त्या ग्रुपमध्ये.”

“तुम्ही, वहिनी?” मालक हसला. “आणि फोटो कशाने काढणार, लाटण्याने?”

वहिनीने खोक्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. “हा काय वाईट आहे?”

“त्याचा फोकस गेलाय. महिनाअखेर दुरुस्तीवाला येईल त्याला न्यायला. सुटे भाग काढणार आहे तो. तोवर घ्या खेळायला.”

सुटे भाग! मित्रांनो, याचा अर्थ कळला ना? माझं भिंग एकाला, कळा दुसऱ्याला, आणि उरलेला मी केरात. तेही कपाळावरच्या त्या पट्टीसकट. मरायचं मला एवढं दुःख नव्हतं. पण ‘बाद’ म्हणून मरायचं नव्हतं. वहिनीच्या पिशवीत बसून घरी जाताना मी मनाशी ठरवलं, की महिना संपायच्या आत या माणसाच्याच तोंडून खरं वदवून घ्यायचं.

पण वहिनी म्हणजे अगदीच नवशिकी! पहिला विषय होता ‘सावली’. ती अंगणभर सावल्यांच्या मागे धावली आणि माझ्या भिंगावरचं झाकण काढायलाच विसरली. फोटो अर्थातच काळाकुट्ट आला. तिने तोच पाठवला. मालकाने शेरा मारला, ‘वहिनींनी सावली फारच दाट काढली.’ ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. पुढचा विषय होता ‘लाल’. तिने न्हाणीघरातली लाल बादली काढली, तीही धूसर. शेरा आला, ‘बादलीला ताप आलाय का?’

“हसू देत,” वहिनी म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली, ते मी फडताळावरून पाहिलं. मला बरं वाटलं. निदान चिडायला सोबत तरी मिळाली.

मग तिने मला ओल्या फडक्याने खसाखसा पुसायला घेतलं. कपाळावरची पट्टी निघाली, आणि फडक्याच्या ओढीने भिंगाच्या कडेची ती कळ सरकली. इतकी वर्षं जिला कुणी शिवलं नव्हतं, तीच! वहिनीने सहज समोर नवऱ्याकडे रोखून मला डोळ्याला लावलं. तो शर्टाचं बटण लावत होता. मी टिक्‌ करून फोकस धरला. बटणातल्या दोऱ्याचे पीळसुद्धा दिसू लागले.

“अगं बाई, हा तर शहाणा आहे!” वहिनी म्हणाली. कारखान्यातून निघाल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

त्या आठवड्याचा विषय ‘हात’ होता. तिने तेव्हा काढलेला, बटण लावणाऱ्या हातांचा फोटो पाठवला. मालकाने लिहिलं, ‘प्रयत्न चांगला. पण फोकस गेलेला. कॅमेराच बाद, त्याला वहिनी तरी काय करणार!’ ग्रुपमधला औषधाच्या दुकानाचा मालक बिचकत म्हणाला, ‘सर, मला तर नखंसुद्धा मोजता येतायत.’ त्यावर मालकाचं उत्तर, ‘त्याला डोळा लागतो.’

तेव्हा मला कळून चुकलं. मी कितीही स्वच्छ दाखवलं तरी या माणसाला ते धूसरच दिसणार. त्याला पटवून उपयोग नव्हता. त्याचीच फजिती इतरांना स्पष्ट दाखवायला हवी होती.

महिन्यातला शेवटचा सोमवार आला. मालकाने विषय पाठवला. वहिनीने तो वाचला, पुन्हा वाचला आणि पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, “अहो, भावजींनी या आठवड्याला विषय काय दिलाय बघा. ‘दीर’!”

मालकाला द्यायचा होता ‘धीर’. पण चष्म्याशिवाय टाइप करणाऱ्याला ‘ध’ काय आणि ‘द’ काय! ग्रुपमधल्या बाकीच्यांनी समजून उमजून ‘धीर’ वाचलं. सरांना चूक कोण दाखवणार? कुणी पहिलं पाऊल टाकणारं बाळ पाठवलं, कुणी उंच शिडीवर चढलेला रंगारी.

“काढ की मग,” नवरा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला. “तुला एकच तर आहे.”

वहिनीला खरंच ते शब्दशः वाटलं, की तिला सगळं कळलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिचा चेहरा अगदी सरळ होता. इतका सरळ चेहरा मी शेकडो पासपोर्ट फोटोंतही पाहिला नाही.

दुपारी डबा घेऊन ती स्टुडिओत गेली. काउंटरवर एक तरुण मुलगी आपले पासपोर्ट फोटो न्यायला आली होती. मालकाने एक पाकीट उघडलं, आतले फोटो हात सगळा लांब करून धरले, मान मागे टाकली, एक डोळा मिटला, भुवया कपाळात चढवल्या आणि तोंड उघडलं. फोटो होते कुणा भरघोस मिशांच्या म्हाताऱ्याचे.

“हे घ्या तुमचे,” तो म्हणाला, “छान आलाय चेहरा.”

मुलगी आ वासून पाहत राहिली. मालकाच्या डोक्यामागच्या भिंतीवर पाटी होती: ‘स्पष्ट फोटोंची खात्री’. वहिनीने मला उचललं. मी टिक्‌ केलं. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो फोटो काढले, पण असा जीव ओतून एकही काढला नाही. मालकाची पापणी न पापणी, म्हाताऱ्याच्या मिशीचा केस न केस, मुलीच्या कपाळावरची आठी, पाटीवरचं अक्षर न अक्षर, सगळं काचेसारखं स्वच्छ.

तिने तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘विषय: दीर. हे माझे दीर.’

 मग औषधाच्या दुकानाचा मालक म्हणाला, ‘भावजी, नमस्कार!’ आणि बांध फुटला. हसून हसून लोकांना पुरेवाट झाली. शेवटी, ग्रुपमध्येच असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं, ‘आता कळलं, आमच्या मुलांचे चेहरे कुठे गेले.’ ते वाक्य वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. मी ते कितीही वेळा ऐकलं असतं.

संध्याकाळी मालक तणतणत घरी आला.

“वहिनी, काढून टाका तो फोटो! हसं केलंत माझं!”

“मी काय केलं? विषय तुम्हीच दिलात ना, भावजी?”

“अहो, धीर! धीर म्हणालो मी! मुलांना कळतं ते तुम्हाला कळू नये?”

“मग वाचून दाखवा बरं, काय लिहिलंय ते,” वहिनी म्हणाली आणि फोन पुढे केला.

मालकाने हात लांब केला. आणखी लांब केला. मोठा भाऊ पेपर बाजूला ठेवून उठला आणि त्याने स्वतःचा चष्मा धाकट्याच्या नाकावर चढवला. मालकाने वाचलं. त्याचे ओठ हलले. मग त्याने मला हातात घेतलं आणि माझ्या पडद्यावरचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “एवढा म्हातारा दिसतो मी?”

 मला वाईट वाटायला हवं होतं, मित्रांनो. चांगल्या आत्मवृत्तात ते वाटतं. मला नाही वाटलं. मी त्याच्या पापण्या आणखी थोड्या उजेडात दाखवता आल्या असत्या का, याचा विचार करत होतो.

“उद्या दुरुस्तीवाल्याला नाही म्हणून कळवतो,” मालक म्हणाला.

“तेवढ्याने भागायचं नाही,” वहिनी म्हणाली. “याला सगळ्यांसमोर बाद ठरवलंत. आता सगळ्यांसमोरच लिहा.”

तो लिहायला बसला. भावाचा चष्मा नाकावरून घसरत होता. एकेक अक्षर तो दोनदा तपासत होता. मला कसलीही घाई नव्हती. शेवटी ग्रुपवर आलं: ‘कॅमेऱ्यात दोष नव्हता. दोष माझ्या डोळ्यांत होता. शाळेची माफी मागतो.’ माझी माफी त्याने मागितली नाही. ती मी त्याच्या खात्यावर ठेवली आहे.

आता मी वहिनीकडे असतो. ती अजून कधी कधी माझ्या भिंगासमोर बोट आणते, पण विषय एकही चुकवत नाही. मालकाने चष्मा केला, आणि गिऱ्हाईक काही पाठ फिरवून गेलं नाही. फक्त त्याला आता ‘सर’ कुणी म्हणत नाही. सगळा बाजार त्याला भावजी म्हणतो. परवा तर एक टकलू आजोबा दारातूनच ओरडले, “भावजी, आहात का?” मालक म्हणाला, “या.” दुसरं काय म्हणणार?

म्हणून मित्रांनो, वस्तू जपून वापरा. बाद म्हणण्याआधी एकदा नीट पुसून बघा. आणि चूक तुमची असेल तर ती मुकाट्याने कबूल करा, वस्तूच्या माथी मारू नका. वस्तू मुकी असते, ती उलटून बोलत नाही, हे खरं. पण कधी ना कधी तिलाही एखादी वहिनी भेटतेच.