संयोगितानं पुसलेली एकोणीस कामं

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एकोणीस मुलांचं महिन्याभराचं काम लॅपटॉपवरून नाहीसं झालं.

कुरुंदवाडजवळच्या त्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीची मुलं इंटरनेटवरच्या एका फुकट अभ्यासक्रमातून प्रोग्रॅम करायला शिकत होती. सगळ्यांचं काम एकाच खात्यात, भाग्यश्रीबाईंच्या नावाच्या. लॅपटॉपही एकच. तो गावच्या चिरागनं पुण्याहून पाठवलेला. त्याचे वडील तात्यासो सोमवारी मुलांचं काम बघायला येणार होते. दाखवण्यासारखं काही नसलं, तर लॅपटॉप जयसिंगपूरच्या एका हायस्कूलला जाणार होता.

"संयोगिता, हे काय केलंस?"

"पुसून ठेवलं की बाई. आज माझी पाळी हाय."

"आणि ती पडद्यावरची कचरापेटी?"

"ती बी रिकामी केली. कचरा कोण ठेवतंय व्हय?"

शाळा सुटताना पाळीवाल्यानं फळा पुसायचा, केराची पेटी रिकामी करायची. नियम भाग्यश्रीबाईंनीच घातला होता.

"बाई, माझी म्हैस गेली!" चौथीतला अनेकांत ओरडला. त्याची म्हैस पडद्यावर नदी पार करायची.

"जा मग, कोंडवाड्यात बघ जा," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. संयोगिता रडायला लागली.

पुसलेलं परत मिळेल का, असं विचारायला बाईंनी अभ्यासक्रमवाल्यांना मेल केला. तीन दिवसांत उत्तर देऊ, एवढाच मजकूर परत आला. मग त्यांनी तात्यासोंना फोन लावून आठवड्याची मुदत मागितली.

"पुसलं म्हंजे? पाटी हाय व्हय ती?"

"पोरीला तसंच वाटलं, तात्यासो."

"ऱ्हाऊ दे बाई. हायस्कूलवाल्यांस्नी मंगळवारचं सांगून बसलोय. सोमवारी हाय तेवढं दावा."

रविवारी बाईंनी शाळा उघडली. चौदा मुलं आली. ज्याला जेवढं आठवलं तेवढं त्यानं पुन्हा रचलं. अनेकांतची म्हैस या खेपेला उलटी चालायला लागली. ती सरळ करण्यात पाऊण तास गेला. अंधार पडेपर्यंत नऊ कामं उभी राहिली. संयोगितानं लॅपटॉपला हात लावला नाही. सगळे म्हणाले, बाईही म्हणाल्या, तरी नाही.

सोमवारी अकराला तात्यासो आले. त्यांनी नऊही कामं पाहिली. म्हैस दोनदा पाहिली.

"बाकीची दहा?"

"पुन्हा करतोय," बाई म्हणाल्या.

चिरागशी बोलून रात्री कळवतो, असं सांगून ते गेले.

मंगळवारी शाळा भरेपर्यंत त्यांचा फोन आलेला नव्हता. मेलचंही उत्तर नव्हतं.