उगवतीकडची जखम

डोमाने बुंध्यावर गेरूने बाण ओढला, टोक उत्तरेकडे, आणि करवतीची दुसरी मूठ इश्वरच्या हाती दिली. चकती कापून उचलली की झाडाची कोणती बाजू कुठे होती ते कळत नाही, म्हणून आधी बाण. पुण्याच्या साहेबांचा हा एकच हट्ट होता. पंधरा दिवसांत डोमाचा हात असा बसला, की साहेब आता होकायंत्र खिशातून काढतही नसत.

नाकाडोंगरीच्या वरच्या अंगाला वनखात्याने यंदा सागाचा अख्खा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडला होता. उरलेल्या बुंध्यांच्या चकत्या साहेब नेत होते. लाकडातली कडी मोजून कोणत्या साली पाऊस किती झाला ते सांगता येतं म्हणे. गावाला याचं हसू यायचं. पडून गेलेला पाऊस मोजून काय करता, येणारा सांगा ना, असं बायामाणसंही तोंडावर म्हणायची आणि साहेबही हसायचे.

चकत्या डोक्यावरून सडकेपर्यंत न्यायला दोन बाया होत्या. एक बेबीबाई. दुसरी पंचफुला, डोमाचा धाकटा भाऊ टेकचंद याची विधवा. डोमा तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भासऱ्याशी बोलायचं नाही ही रीत. तो दिसला की ती पदर पुढे ओढून पाठ करायची. सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगायचं आणि भासऱ्याने ऐकायचं. सतरा वर्षं एका घरची माणसं, पण तिचा चेहरा डोमाने धड पाहिला नव्हता.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तिने मोहाखालच्या पाचोळ्याला काडी लावली होती. सगळ्याच बाया लावतात. जमीन साफ असली की फुलं वेचायला सोपी जातात. त्या दुपारी डोंगर पेटला. गुरं काढायला आत शिरलेला टेकचंद सापडला तो दुसऱ्या दिवशी, तोही हातातल्या कड्यावरून ओळखावा लागला. सरकारदरबारी काही झालं नाही, पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पंचफुलाने नवरा जाळला, असं ठरलं ते ठरलंच. लग्नाकार्यात तिला कोणी बोलवेना. वाईट याचं, की तिनेही ते खरं मानलं. आपण पाचोळा विझवून आलो होतो की नाही, हे तिला स्वतःलाच आठवेना. तेव्हापासून तिने मोहाच्या फुलाला हात लावला नाही.

इश्वर पाणी प्यायला नाल्यावर उतरला. साहेबांनी ताज्या चकतीवर पॉलिश कागद घासला आणि भिंग धरलं.

"डोमा, इकडे ये. सालीकडून आत मोजत आलो. हे बारीक कडं बहात्तरचं. पाऊसच नव्हता ना?"

"नव्हता जी. लोकं पाला उकडून खात होते."

"आणि त्याच्या लगेच आत हा काळा डाग. म्हणजे त्या पावसाळ्याआधी झाड भाजलं."

"लागली होती आग."

"आता गंमत बघ. आग ज्या बाजूने येते, तिथे झाडाला कमी लागतं. ज्वाळा बुंध्याला वळसा घालून पाठीमागे रेंगाळतात, साल तिथे जळते. तुझा बाण बघ. जखम उगवतीकडे. हा डाग असलेल्या सातही चकत्यांवर तशीच. म्हणजे आग मावळतीकडून आली. मावळतीला काय आहे रे?"

पंचफुलाचे मोह उगवतीला होते, नाल्याकाठी.

"काही नाही जी," डोमा म्हणाला. मग थांबून म्हणाला, "जाळरेषा हाय."

साहेबांनी वहीत तेवढा शब्द लिहिला आणि ते पुढच्या बुंध्याकडे गेले. त्यांच्या लेखी ती एक ओळ होती.

जाळरेषा म्हणजे वणवा अडावा म्हणून खात्याने आधीच जाळून ठेवलेला पट्टा. त्या दिवशी तो डोमाने जाळला होता. जाळल्यावर धग निवेपर्यंत राखण करायची असते. डोमा भाकर खायला सावलीत बसला आणि त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा रेषेच्या अलीकडचं गवत काळं पडून गेलं होतं.

चुंबळ हातात घेऊन दोघी बाया जवळच उभ्या होत्या. पंचफुलाची पाठ त्याच्याकडे होती.

"बेबीबाई," ती म्हणाली, "विचार ना. आग कोणीकून आली म्हणते साहेब?"

साहेबाचं काय, पुस्तकातलं बोलते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. डोमाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"सांग तिले," तो म्हणाला. "मोहाकून नाही आली. जाळरेषेवरून आली. रेषेवर मी होतो. झोपलो होतो."

बेबीबाईने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. डोमाला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याचीच त्याला किळस आली. आता ती रडेल, शिव्या देईल, दगड उचलेल. काहीही चाललं असतं.

पंचफुला वळली. पदर मागे सरला होता, तो तिने तसाच राहू दिला, आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुमची बुढी माय मरतानी मी पाण्याचा गिलास घेऊन उभी होती. तिनं तोंड फिरवलं. म्हणे, माह्या पोराले जाळलेल्या हाताचं पाणी नाही पाहिजे. तुमी उशाशीच बसले होते."

"होतो."

"तवा माहीत होतं तुमाले?"

आत्ता साहेबानं सांगितलं तेव्हा कळलं, असं म्हणता येत होतं. तिला ते खोटं ठरवता आलं नसतं.

"होतं," डोमा म्हणाला.

तिने हातातली चुंबळ डोक्यावर ठेवली.

"मंग लाकडानं सांगेपर्यंत काहून थांबले?"