खजूर, चॉकलेट आणि माझा कर्कश आवाज

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. मी सुरू झालो की शेजारचे लोक टीव्हीचा आवाज वाढवतात, असा माझा लौकिक आहे. आज मात्र मी हळूच बोलणार आहे, कारण गोष्ट लाजेची आहे आणि ती लाज माझ्या एकट्याची नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी मला चालवून पाहिले, क्षणभर कान दिला आणि समाधानाने मान हलवली. तेव्हा माझा आवाज गुणगुणण्यासारखा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण आता कोणाचा विश्वास बसणार नाही.

लग्नाची भेट म्हणून मी या घरात आलो. नव्याचे नऊ दिवस मीही भोगले. आईने माझ्यासाठी फुलाफुलांचे आवरण शिवले होते. ती रुग्णालयात परिचारिका. बाबा गालिच्यांच्या दुकानात विक्रेते. डोळे मिटून नुसता हात फिरवला, तरी गालिचा हाताने विणलेला आहे की यंत्राने, हे ते सांगत. पुढे त्यांना मुलगी झाली. तिची पहिली पेज, पहिला फळांचा रस माझ्याच भांड्यातून गेला. त्या दिवसांत माझे फार कौतुक होते.

मग वर्षे गेली. माझा एक रबरी पाय गळून पडला, झाकणाला चीर पडली आणि घसा असा काही फुटला की पाहुणे दचकू लागले. आई ओशाळून म्हणायची, "जरा जुना आहे हो आमचा." मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. फुलांचे आवरणही केव्हातरी फडके म्हणून वापरात गेले.

एके दिवशी गालिच्यांचे दुकान बंद झाले. बाबा घरी बसले. पण त्यांनी ते बाहेर कोणाला कळू दिले नाही. काही दिवस ते सकाळी तयार होऊन बाहेर पडत आणि बागेतल्या बाकावर बसून परत येत. नंतर तेही थांबले. ते घरातच राहू लागले, पडदे ओढून.

अशातच एका सुट्टीच्या दिवशी मुलीने चॉकलेट आणि खजुराचा खाऊ करायला घेतला. आमच्याकडे ओव्हन नाही. या खाऊला तो लागतही नाही, म्हणून तर तिने तो निवडला. पण तिने खजूर न मोजताच माझ्यात कोंबला, अर्धा चिखल केला आणि मैत्रिणीची हाक येताच पळाली. पसारा आवरायला बाबा आले. त्यांनी तो गोळा चिमटीत धरला, अंगठ्याने चेपून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाले, "ओलसर झालाय. बदाम कमी पडलेत."

गालिच्याची वीण ओळखणारी ती बोटे, मित्रांनो. त्यांना गोळ्याचा पोत कळायला कितीसा वेळ लागणार?

त्या दिवसापासून तो खाऊ बाबाच करू लागले. एकेक खजूर उघडून बी काढत. खजूर गरम पाण्यात बुडवून निथळत. बदाम भाजून, पुरते गार करून मगच माझ्यात घालत. कोको आणि चिमूटभर मीठ घालून मला थांबत थांबत फिरवत. मग गोळे वळून फ्रिजमध्ये ठेवत. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून चॉकलेट वितळवत. त्यात गोळे बुडवून काट्याने उचलत आणि कागदावर ओळीने मांडत.

आईने एकदा डबाभर गोळे रुग्णालयात नेले. निघताना बाबा म्हणाले, "माझं नाव घेऊ नकोस. एवढा बाप्या माणूस दिवसाढवळ्या घरी बसून खजुराच्या बिया काढतो, असं नको व्हायला." तिथे सगळ्यांनी बोटे चाटली. कोणी केले म्हणून विचारल्यावर आई म्हणाली, "मीच."

मग मागण्या येऊ लागल्या. काम वाढले आणि माझा आवाज घरादाराला नडू लागला. बाबा खिडक्या लावून घेत. माझ्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवत आणि डोक्यावर दुसरा दाबून धरत. माझी हवा खालूनच येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. माझा जीव कोंडायचा. त्यापेक्षा जास्त लागायचे ते हे, की त्यांना माझी लाज वाटते. त्यांना खरी लाज कशाची वाटत होती, ते मला उशिरा उमगले.

शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठलेच. "दुपारभर मिक्सर चालू असतो. कोणी आलंय का?"

"हो, हिची मावशी आलीय," बाबा म्हणाले.

"मग येते की भेटायला."

"आत्ता झोपल्यात त्या."

"एवढ्या आवाजात?"

बाबा दार लावून आत आले आणि कितीतरी वेळ माझ्या बटणावर हात ठेवून उभे राहिले. बटण काही दाबेनात.

एके संध्याकाळी आई कामावरून आली ती खुर्चीत मटकन बसली. "अहो, रविवारी आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई येतायत. बरोबर आणखी दोघी. म्हणतात, समोर करून दाखव, आम्हाला शिकव."

"नाही म्हणायचं ना!"

"कसं म्हणू? इतके दिवस कौतुक ऐकून घेतलंय." मग ती खाली बघत म्हणाली, "खरं सांगू? मला ते आवडतही होतं. दुसरं कोण करतं हो माझं कौतुक?"

 बाबांनी तिला सगळी कृती तोंडी सांगितली. पण ऐकून कोणाला पोहता येते का?

रविवारी तिघी जणी आल्या. मेट्रनबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, बाकीच्या दोघी दाराशी. बाबा आतल्या खोलीत दार लोटून बसले होते. हे बाहेरगावी गेलेत, असे आईने आधीच सांगून टाकले होते.  बोलता बोलता आईने खजुराच्या बिया काढल्या, त्यात एक बी राहून गेली. वाडगा उचलताना खालच्या पातेल्यातले पाणी चॉकलेटमध्ये उडाले आणि गुळगुळीत चॉकलेटचा क्षणात रवाळ गठ्ठा झाला. ते पाहून ती गोंधळली आणि तिने मला एकदम पूर्ण जोरात सुरू केले.

बी पात्याखाली अडकली. पाते फिरेना आणि मोटर थांबेना. मी असा काही ओरडलो, की तसा आजवर कधी ओरडलो नव्हतो. जळका वास सुटला. त्या तिघींसमोर कुठे तोंड लपवू, असे मला झाले.

आणि आतले दार धाडकन उघडले.

"बंद कर! आधी बंद कर त्याला!"

बाबा धावत आले ते घरच्या मळक्या बनियनवर, कमरेला फडके गुंडाळून. त्यांनी स्वतःच बटण बंद केले, पिन काढली, भांडे उतरवले. बोटांनी चाचपून बी शोधली आणि बाहेर काढली. मला उलटे करून, ताण पडल्यावर बाहेर आलेले बुडाचे लाल बटण आत दाबले. मग त्या चॉकलेटच्या गठ्ठ्यात चमचा चमचा गरम दूध घालून घोटत राहिले, तो पुन्हा चकाकेपर्यंत. हे सगळे होईतो त्यांना भान नव्हते. भान आले तेव्हा तीन बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

ते कानापर्यंत लाल झाले. चमच्यावरून दूध टपटप गळत होते.

"हे मी करतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून मीच. दुकान बंद पडलंय माझं. हिला काही येत नाही यातलं."

"मीच खोटं बोलले," आई म्हणाली. "त्यांनी नाव सांगू नको म्हटलं, पण 'मीच केले' असं म्हणायला काही त्यांनी सांगितलं नव्हतं." आणि ती रडू लागली.

कोणी हसले असते तर बाबा पुन्हा आत गेले असते, आणि बहुधा कायमचेच. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या, नळाखाली हात धुतले आणि विचारले, "दूध थंड चालत नाही का? गरमच का लागतं? मला नीट शिकवा."

बाबांनी शिकवले. सुरुवातीला मान वर न करता, मग हळूहळू वर करून.

मित्रांनो, त्या दिवशी माझी मोटर दुखावली ती दुखावलीच. दुरुस्तीवाल्याने नकारार्थी मान हलवली, जड काम आता नको म्हणाला. आता ओट्यावर नवा मिक्सर आहे आणि मी खालच्या फळीवर असतो. साखर दळायची झाली की तेवढ्यापुरता निघतो. बाबांची लाज काही एका दिवसात गेली नाही. अजूनही दारावरची बेल वाजली की त्यांचा हात कमरेच्या फडक्याकडे जातो. पण आताशा ते फडके सोडत नाहीत.

परवा दुकानातला त्यांचा जुना सोबती आला, तोही तेव्हापासून बेकार. "सहज आलो होतो," असे म्हणत खुर्चीच्या टोकावर टेकला. बाबांनी काही न विचारता खजुराचे भांडे त्याच्यापुढे ठेवले.

"दिवसभर काय करतोस, असं घरी विचारलं तर काय सांगू?" तो पुटपुटला.

"ते मलाही अजून नीट सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "बिया काढायला तर लाग. सुचेल."

आम्हा यंत्रांना, मित्रांनो, थोडी काळजी पुरते. बिया काढून घ्या, मोटरला मध्ये विसावा द्या, खालून हवा खेळू द्या. माणसांचे जरा वेगळे असते. एखादा आपले काम तुमच्यापासून लपवू लागला, तर त्याला बघून हसू नका आणि न बघितल्यासारखेही करू नका. जवळ जाऊन विचारा, "मला शिकवता का?" एवढ्या एका प्रश्नाने माणसाची मान किती वर येते, ते मी ओट्यावरून पाहिले आहे.