धाब्याखाली तेहतीस

आमच्या गल्लीत धाब्याचं घर एकटं माझंच उरलं होतं. बाकीच्यांनी मातीची छपरं उतरवून कोणी पत्रे टाकले, कोणी स्लॅब. माझे धाकटे दीर देवचंदभाऊ यांनी सत्त्याऐंशीच्या संक्रांतीला स्लॅब ओतला आणि गल्लीला जेवण घातलं. वाढता वाढता मला म्हणाले, "वहिनी, जग कथानं कथा गयं, अन् तुम्ही आजून मातीमाच शेतस."

मी म्हटलं, "शेवट मातीमाच जानं शे ना, भाऊ? मंग आतेपासून सवय बरी."

पंगत हसली. भाऊ पोळीचा आग्रह करायला माझ्याकडे पुन्हा फिरकले नाहीत.

माझी सून कुंदा धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. लग्नात बायका कुजबुजल्या होत्या, शिकलेली आणली, आता भाकरी कोण थापणार? मी थापणार. एका घरात भाकरी थापणाऱ्या दोघी हव्यात कशाला?

त्याच वर्षी चैत्रात कुंदाला पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. कॉलेजात शिकवणाऱ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करायला ती संस्था शिष्यवृत्ती देत असे. विषय असा की वीज न जाळता घर थंड कसं राहील, आणि तेच घर ऊनपाऊस सोसून टिकेल कसं. सगळ्या महाराष्ट्रातून सहा जण निवडले होते. पाच बाप्ये आणि एक आमची कुंदा.

अटही होती. तशी एक खोली प्रत्यक्ष करून दाखवायची. मे सरता सरता संस्थेचे दोन साहेब येऊन खोली तपासणार. खोली त्यांच्या परीक्षेला उतरली तर कुंदाला पुढे तीन वर्षांचं काम आणि कॉलेजात स्वतःची प्रयोगशाळा. नाही उतरली तर ते काम दुसऱ्या कॉलेजाला. तिचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सुट्टीत कुरडया करा. निदान पावसाळ्यात तळून खाता येतील." हे सांगताना कुंदा हसत होती, पण हातातलं पातेलं तिने ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

ती पंधरा दिवस पुण्याला राहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आक्का, मला तुमचं धाबं पाहिजे."

"घे की. पण सासरेबुवांनी बांधलंय, मोडलंस तर वर गेल्यावर त्यांना उत्तर तू दे."

मागच्या खोलीच्या धाब्यावरची जुनी माती तिने उतरवली. खालच्या लाकडांवर शेंगांची टरफलं पसरायची म्हणाली. टरफलांत हवा अडकते, उष्णता खाली उतरत नाही. मी म्हटलं, उंदरांना आवतण देतेस का? त्यावर तिने टरफलांत चुना आणि कडुनिंबाचा पाला कालवला. मला पटलं, पण मी तसं बोलले नाही. त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे आमच्या नाल्याकाठची पांढरी खारट माती, जिच्यावर गवतसुद्धा उगवत नाही. कुंदा ती भिजवून चोपायला निघाली. मी बासष्ट वर्षांची बाई शिडी चढून वर गेले.

"थांब. खारी कोरडीच पसरतात. पहिल्या पावसात ती आपसूक फुगते आणि भेगा बुजवते. आत्ता ओली करून चोपलीस तर पापडासारखी तडकेल."

कुंदाने कमरेची वही काढली आणि लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ.

भिंतीत वरच्या अंगाला तिने एक झरोका पाडला. तो संध्याकाळी उघडायचा, सकाळी बंद करायचा, म्हणजे रात्रीचा गारवा आत कोंडून राहतो. मग एक तापमापक आमच्या मागच्या खोलीत टांगला आणि दुसरा देवचंदभाऊंच्या स्लॅबखाली. तिला पेपर तपासायला धुळ्याला जावं लागे, म्हणून आकडे लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दुसरी शिकलेले. अक्षरं अडतात, आकडे अडत नाहीत. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत मी दर तासाला दोन्ही घरांत जाऊन वहीत लिहू लागले. अठरा दिवस. दुपारी तीनला भाऊंकडे एक्केचाळीस, माझ्याकडे तेहतीस. जाऊबाई पदराने घाम पुसत विचारायची, "आते कितलं शे?" मी आकडा सांगायची आणि शक्य तितक्या सावकाश घरी यायची.

साहेब यायचा दिवस उजाडला. त्यांना घ्यायला कुंदा आदल्या दिवशीच धुळ्याला गेली होती. घरात पुण्याचे पाहुणे येणार, आणि या रुक्माबाईच्या घरची जमीन उखडलेली दिसणार? मी दोन्ही बैलांचं शेण घेतलं आणि मागची खोली सारवून काढली. हात आखडता घेतला नाही, भिंतींनाही कमरेपर्यंत हात फिरवला. उंबऱ्याशी रांगोळी काढली आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

अकरा वाजता जीप आली. कुंदा, एक थोरले साहेब आणि एक चष्म्याचे धाकटे साहेब. धाकटे खोलीत शिरले, तापमापक पाहिला. सत्तावीस. माझी मान ताठ झाली. तेवढ्यात ते खाली वाकले आणि जमिनीवर तळवा टेकवला. तळवा हिरवा झाला.

"हे ओलं आहे."

"सारवलंय. तुम्ही येणार म्हणून."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, ओल सुकताना खोली गार होतेच, माठातलं पाणी होतं तशी. हा आकडा छपराचा नाही, शेणाचा आहे."

थोरल्या साहेबांनी माझी वही चाळली. "आणि हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तेव्हाही रोज सारवत होतात?"

"रोज सारवायला मला दुसरा उद्योग नाही का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ कळायला तिसरी पास व्हावं लागत नाही. थोरले म्हणाले, संध्याकाळी धुळ्याहून त्यांची गाडी आहे, आता निघालेलं बरं.

मी कुंदाकडे पाहिलं. तिने मला सगळं शिकवलं होतं, पण पाहुण्यांसाठी घर सारवू नका हे कोणत्या सुनेला सुचेल? मी जन्मात कोणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशीही मागितली नाही, पण शब्द ओठांपर्यंत आला होता हे खरं.

मी साहेबांच्या वाटेत उभी राहिले. "मांडे टाकलेत. आमरस काढलाय. या घरून पाहुणा उपाशी गेला तर गल्लीत माझं नाव जाईल."

शेजारची मंजुळाबाई अंगणात खापरावर मांडे टाकत होती. पुरणाचा वास साहेबांपर्यंत पोचला आणि थोरल्यांनी घड्याळात बघणं सोडलं.

कुंदा मागे येऊन हळूच म्हणाली, "आक्का, मागच्या खोलीचं दार आणि झरोका सताड उघडून द्या."

"अगं, बाहेर ऊन पेटलंय. सगळी झळ आत येईल."

"येऊ दे. जमीन वाळेल. वाळली की बंद करू. जाड भिंतींचा गारवा तासाभरात जात नाही, मग छप्पर काय करतं ते त्यांना दिसेल."

पोरीची छाती मोठी. मी उघडून दिलं. वैशाखातला वारा तासाभरात सारवण चाटूनपुसून गेला. साहेब तिसऱ्या मांड्यावर होते तेव्हा खोलीत सदतीस झाले होते. धाकटे साहेब हात धुऊन आले, जमीन चाचपली. कोरडी ठणठणीत. त्यांच्या देखत कुंदाने दार आणि झरोका लावला.

"आता तीनला बघा," मी म्हटलं. "तेहतीस असतील."

"आजी, आकडा आधीच सांगता?"

"अठरा दिवस बघतेय. नवऱ्याचा स्वभाव कळायला मला यापेक्षा जास्त दिवस लागले होते."

थोरले साहेब पहिल्यांदाच मनापासून हसले. पोटात मांडे, वर आमरस, त्यांना बसवेना. त्याच खोलीत मी दोन खाटा टाकून दिल्या. पंखा तिथे नव्हताच.

तीनला कुंदाने दार लोटलं. थोरले साहेब पायथ्याची चादर गळ्यापर्यंत ओढून झोपले होते. धाकटे तापमापकाशी उभे होते आणि चष्मा पुसून पुन्हा बघत होते.

"तेहतीसला एक रेघ कमी," ते म्हणाले.

"दोन माणसं आत निजली होती," मी म्हटलं. "नाहीतर दोन रेघा."

मग आम्ही देवचंदभाऊंकडे गेलो. लाइट गेली होती. भाऊ उघड्या अंगाने, डोक्यावर ओला पंचा टाकून स्लॅबखाली बसले होते. तापमापकावर साडेएक्केचाळीस. धाकट्या साहेबांनी माझी वही उघडली, बोटाने ओळ शोधली आणि मान डोलावली. भाऊ पंच्याआडून माझ्याकडे बघत होते. एवढा आनंद असताना बोलून तो कमी कशाला करायचा?

परत आल्यावर थोरल्यांनी पावसाचं विचारलं. मी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. "इथे चाळीस वर्षं हीच खारी आहे, दर मृगाआधी नवी पसरतो. आढ्याला गळतीचा एक डाग दाखवा, ही कानातली बुगडी तुमची."

साहेबांनी बॅटरी मारून सगळं आढं पाहिलं. बुगडी अजून माझ्या कानातच आहे.

निघताना धाकट्यांनी वहीच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. "निरीक्षकाचं नाव लिहायचं राहिलंय, मॅडम."

कुंदाने पेन माझ्या हातात दिलं. जीप चालू होती, धूर सोडत होती, आणि मी एकेक अक्षर जुळवत रुक्माबाई लिहीत होते. कोणी घाई केली नाही.

आषाढात पत्र आलं. तीन वर्षांचं काम, आणि प्रयोगशाळा. त्या दिवशी देवचंदभाऊ ओट्याशी येऊन बराच वेळ घुटमळले. "वहिनी, स्लॅबवर खारी टाकता येई का?"

"अर्ज करा, भाऊ. मॅडमना नावनं."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य धुळ्याहून पेढे घेऊन आले. आमच्या कॉलेजाचं नाव झालं, मॅडमवर आमचा विश्वास होताच, असं बरंच बोलले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि धाब्यातून थेंब गळत नव्हता. मी आत गेले, कढई चढवली आणि ताटलीभर कुरडया तळून त्यांच्यासमोर ठेवल्या.

"खा, साहेब," मी म्हटलं. "सुट्टीतल्याच आहेत."