बासष्टनंतर पासष्ट

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, मोठ्या आवाजात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. भुताखेतांची नाही, चोराचिलटांची नाही. एका वहीची आहे. पण सांगायला बसलं की अजून माझे हात गार पडतात, म्हणून कुणीतरी शेजारी असलेलं बरं.

"सर, तुमचं ते 'पुढे' कधी येतच नाही," वकीलीण म्हणाली, आणि माझं फडकं टेबलावर होतं तिथंच थांबलं.

वकीलीण म्हणजे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची वर्गप्रतिनिधी. वाद घालण्यात कुणाला हार जायची नाही, म्हणून पोरींनीच तिचं हे नाव पाडलेलं. समोर खुर्चीत सर. एकतीस वर्षं औषधांचा विषय शिकवत होते, निवृत्तीला सात महिने उरलेले. शेजारी विभागप्रमुख बाई, हातात एक कागद. आणि मी विभागाची शिपाई. मला सगळे मावशी म्हणतात.

त्या कागदावर चव्वेचाळीस सह्या होत्या. बाईंनी त्यातली एक ओळ वाचून दाखवली, "आम्हाला शिकवलं जात नाही, फक्त उतरवून घेतलं जातं."

खोटं कसं म्हणू? सर वर्गात यायचे, चष्मा लावायचे, तपकिरी पुठ्ठ्याची जाड वही उघडायचे आणि सांगायला लागायचे. स्वल्पविरामासकट. पोरी कुजबुजायच्या, "रेडिओ लागला गं." दुसरी म्हणायची, "आवाज नको वाढवू, झोपमोड होते." कुणी हात वर करून काही विचारलं, तर सर मान वर न करता म्हणायचे, "ते पुढे येईल." हे त्यांचं पालुपद. माणूस वाईट नव्हता हो. मी लागल्यापासून एक मिनिट उशिरा आलेला पाहिला नाही. माझ्या धाकटीला ताप भरला होता तेव्हा स्वतः दवाखान्यात येऊन बसले होते. पण वर्गात शिरले की त्यांची त्या वहीशीच गाठ.

"तक्रार करायला काय लागतं," सर हळूच म्हणाले. "वही पक्की आहे. त्या वहीवर पास झालेल्या मुली आज मोठमोठ्या वॉर्डात आहेत."

"वॉर्डाचंच सांगायचंय, सर." वकीलिणीचा आवाज खाली आला. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. "गेल्या आठवड्यात पोटॅशियमचं इंजेक्शन भरून मी पेशंटच्या शिरेला लावणार, एवढ्यात वॉर्डच्या सिस्टरनी माझ्या हातातून सिरिंज हिसकावून घेतली. म्हणाल्या, असं सरळ दिलंस तर जागच्या जागी हृदय बंद पडेल त्याचं. कोणी शिकवलं तुला? मी म्हटलं, आमच्या नोट्समध्ये असंच आहे."

"माझ्या नोट्समध्ये असं असणं शक्य नाही," सर म्हणाले.

"मग गुरुवारी हाच पाठ माझ्यासमोर घ्या," बाई म्हणाल्या. "मी मागच्या बाकावर बसेन. काय ते तिथंच ठरवू."

दोघी गेल्या. सरांनी वही पुढे ओढली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईनं आकडा घालायची त्यांची सवय. ते पानं उलटत गेले. साठ, एकसष्ट, बासष्ट. मग त्यांचं बोट थांबलं. ते पान मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. दोन पानांच्या मधल्या खाचेत नख घालून पाहिलं.

बासष्टनंतर पासष्ट होतं.

आणि त्या खाचेत मला आकाशी दोरा दिसला.

 तो दोरा माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यातला होता.

बासष्टच्या शेवटी लिहिलं होतं, "हे औषध शिरेतून द्यावे. देण्यापूर्वी". आणि पासष्टच्या सुरुवातीला, "रुग्णाला लघवी नीट होत असल्याची खात्री करावी." वाचून बघा बरं एका दमात. कुठं ठेच लागते? वाक्य असं चपखल बसलं होतं, की सांगणाऱ्याला कळलं नाही आणि लिहिणारीलाही कळलं नाही.

सर पुटपुटले, "सलाइनच्या बाटलीत मिसळून, सावकाश, थेंब थेंब. थेट कधीही नाही. हे सगळं मधल्या पानावर होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मावशी, माळ्यावरच्या जुन्या बॅचेसच्या वह्या खाली काढता का?"

परीक्षेआधी पोरी वह्या जमा करतात. दर वर्षाच्या दोन-चार आम्ही गठ्ठा बांधून ठेवतो. स्टुलावर चढून मी गठ्ठे खाली काढले. मी एकेक गठ्ठा सोडत होते, सर एकेक वही उघडत होते. गेल्या वर्षीच्या वहीत ते वाक्य नाही. त्याच्या आदल्या वर्षी नाही. चार वर्षांपूर्वी नाही, सहा नाही, आठ वर्षांपूर्वीही नाही. दर वहीला सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. नऊ वर्षांपूर्वीची वही उघडली आणि त्यांनी बोट टेकवलं. "इथं आहे."

म्हणजे आठ वर्षं. त्यांनी हजेरीपटावरून बेरीज केली. तीनशे बावीस मुली. तीनशे बावीस मुली ते अर्धं वाक्य घेऊन माणसांच्या खाटांपाशी उभ्या राहिल्या होत्या.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. घरी गेले, जेवले नाही. देवापुढे बसले तर त्याच्याकडे वर बघवेना. थोरली म्हणाली, "आई, नजर कुठे लागलीय तुझी?" तिला काय सांगू? माझ्या डोळ्यांसमोर एक खाट यायची. खाटेवर कुणीतरी निजलेलं असायचं आणि त्याच्या हाताशी एक पोर सिरिंज घेऊन वाकलेली. तिचं तोंड काही दिसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सर एकटे बसले होते. मी दार लोटून घेतलं.

"सर, ते पान मी टाकलं."

त्यांनी मान वर केली.

"विभागात नवी फरशी बसवली त्या वर्षी. पुसता पुसता तुमच्या टेबलावरचा पाण्याचा जग लवंडला माझ्या हातून. वहीची शिवण सुटली. मी गच्चीवर उन्हात वाळवली, घरून सुईदोरा आणून शिवली. एक पान लगदाच झालं होतं, शाई सगळी फुटलेली. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या वहीत एका पानानं काय होतंय. तेव्हा मी कायम झाले नव्हते, सर. कामावरून काढतील म्हणून बोलले नाही."

सरांनी आकाशी दोऱ्यावरून बोट फिरवलं. 

"शिवण चांगली घातलीत," ते म्हणाले. "म्हणूनच कळलं नाही."

"सर, मला शिव्या द्या."

"कशाबद्दल? तुम्ही पान टाकलंत, मावशी. वाक्य मी टाकलं." त्यांनी चष्मा काढला. "मला विषय येतो हो. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन की हे औषध थेट देत नाहीत. आठ वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मला खटकली नाही. शिकवत असतो तर खटकली असती. मी वाचत होतो."

मग ते म्हणाले, "दोऱ्याचं कुणाला सांगू नका." आणि मी, देवाची भक्त म्हणवणारी बाई, गप्प बसले. दोषाचं गाठोडं त्यांनी एकट्यानं उचललं आणि मी ते उचलू दिलं. आज तुमच्यापुढे बोलतेय, तेही त्याचसाठी.

गुरुवारी वर्ग भरला होता. बाई मागच्या बाकावर. पोरी पेनं उघडून तयार. सर आले, वही टेबलावर ठेवली, पण चष्मा खिशातच.

"पेनं खाली ठेवा," ते म्हणाले.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हळूच म्हणाली, "रेडिओचे सेल गेले वाटतं." पण हसलं कुणी नाही.

सरांनी बासष्टची शेवटची आणि पासष्टची पहिली ओळ म्हणून दाखवली. विचारलं, "मध्ये काही राहिलंय का?" पोरी आपापल्या वह्या चाळायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं. पान कसं गेलं ते नाही, गेलं आहे आणि आठ वर्षं आपल्या लक्षात आलं नाही, एवढंच. एक शब्द गिळला नाही. मग खडू घेतला. फळ्यावर हृदय काढलं. ते ठोका कसा देतं, पोटॅशियम एकदम आलं की ठोका कसा चुकतो, बाटलीत मिसळून थेंब थेंब का द्यायचं, सगळं. मी दाराशी उभी होते. मी चौथी शिकलेली बाई, आणि मला समजलं.

पोरी विचारत होत्या आणि सर उत्तरं देत होते. त्या तासाला पालुपद एकदाही आलं नाही. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. "सर, मग आमच्या आधीच्या मुली?"

सरांनी खडू खाली ठेवला.

"ते पु..." सरांचे ओठ सवयीनं हलले आणि थांबले. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना वर्ग द्यायचं बंद केलं. दुसरं काय करणार? सरांनी हरकत घेतली नाही. फक्त आठ वर्षांचे हजेरीपट आणि ऑफिसचा फोन मागितला. पुढचे सात महिने ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले आणि तीनशे बावीस मुलींना एकेक करून फोन लावत राहिले.

नंबर शोधून द्यायला कोण यायचं सांगू? वकीलीण. दुपारची सुट्टी मोडून यायची. एकदा तिनं विचारलं, "सर, त्या दिवशी शिकवलंत तसं आधी का नाही शिकवलंत?"

सरांनी पुढचा नंबर फिरवला.

बोलणं ठरलेलं असायचं. "मी औषधांचे सर बोलतोय. वॉर्डात आहेस ना? तुमच्या बॅचला एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं." बहुतेक जणी हसायच्या. "अहो सर, ते पहिल्याच आठवड्यात सिस्टरनी ओरडून शिकवलं." कुणी म्हणायची, "मी तर नोकरी सोडली, दोन पोरं आहेत मला, घ्या बोला." सर नावापुढे बरोबरची खूण करायचे आणि सुटकेचा श्वास सोडायचे. मीही चहा ठेवायला म्हणून तिथंच घुटमळायची. दर खुणेला माझ्या छातीवरचा एकेक दगड उतरायचा.

पाच वर्षांपूर्वीची बॅच, नंबर सतरा. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. सरांनी वाक्य सांगितलं. पलीकडे कुठंतरी नळ चालू होता. मग तो बंद झाला.

"हॅलो," सर म्हणाले. "ऐकतेयस ना?"

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "हे तुम्ही आज सांगताय?"

आणि फोन ठेवला.

सरांनी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी लावला. महिनाभर रोज लावला. वकीलीण तिच्या पत्त्यावर जाऊन आली, तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, बदली झाली असेल. तीनशे एकवीस नावांपुढे खूण झाली. सतरापुढची जागा सरांनी कोरी ठेवली.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो हजेरीपट माझ्या हातात दिला. "हा माळ्यावर टाकू नका, मावशी." वही मात्र घरी नेली. तिची शिवण त्यांनी उसवली नाही.

हजेरीपट माझ्या टेबलाच्या खणात आहे. महिन्यातून एकदा मी तो नंबर लावते. वाजतो, कुणी उचलत नाही.

आता उठा, उशीर झाला तुम्हाला. एवढंच करा. घरी जाऊन हात जोडाल, तेव्हा तुमच्या माणसांच्या पाठोपाठ आणखी एकाची आठवण काढा. कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी खाटेवर निजलेल्या माणसाची. त्याचं नाव मला ठाऊक नाही. तो होता की नाही, तेही नाही. नसला तर देवाची कृपा. पण असला, तर त्याची आठवण काढणारं कुणीतरी हवं.