अडीच वाजताचा दणका

रात्रपाळीची नर्स दुपारी झोपते, एवढी साधी गोष्ट जगाला कळत नाही. मी कानात कापूस कोंबून आतल्या खोलीत आडवी व्हायची, आणि अडीचच्या सुमारास दचकून जाग यायची. धप्प. मग काहीतरी घसटल्याचा आवाज. पुन्हा धप्प.

वरच्या मजल्यावर आमच्यासारखेच भाड्याने राहतात ते कवायतीचे निवृत्त मास्तर. एकटा माणूस, ताठ कणा, जिनासुद्धा एक-दोन, एक-दोन करत उतरणारा. कवायत घ्यायला आता मुलं नाहीत म्हणून हे गृहस्थ स्वतःचीच घेत असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. बाहेरच्या खोलीत बाबा असतात. त्यांना विचारलं तर तेही म्हणाले, "वरचाच असेल तो. दुसरं कोण?" बाबांचं कमरेचं हाड मोडल्याला तीन महिने झाले होते. माझ्याशिवाय पलंगावरून उठायचं नाही, अशी मी त्यांना सक्त ताकीद दिली होती.

घराच्या मालकीणबाईंकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, "लिहून आणा." लिहिण्यात आम्ही कुणाला हार जाणार? रुग्णाचा ताप लिहावा तसा मी तो आवाज तक्त्यात उतरवला. तारीख, वेळ, किती दणके, सगळं.

पंधरा दिवसांनी तक्ता घेऊन गेले, तर मास्तर आधीच तिथे बसलेले. हातात वही. माझ्याविरुद्ध! खालून रोज दुपारी ठोकाठोकी होते म्हणे. मालकीणबाईंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. तारखा त्याच, वेळा त्याच. गुरुवार दोन्हीकडे कोरा.

"मी तर तेव्हा झोपलेली असते हो!" मी म्हणाले.

"आणि मी पेपर वाचत बसलेला असतो," मास्तर म्हणाले.

"तुमच्यापैकी एक जण मला वेड्यात काढतंय," मालकीणबाई कडाडल्या. "जो खोटा ठरेल त्याने महिनाअखेरीला जागा सोडायची."

बाबांना जिना चढावा लागणार नाही अशी तळमजल्याची जागा मी पुन्हा कुठून आणणार होते? आणि डोक्यात नुसता गोंधळ. मास्तर खोटं लिहीत असतील, तर माझ्या वेळा त्यांना कळल्या कशा? गुरुवारी माझी सुट्टी, मी दुपारभर जागी असते. त्याच दिवशी ते मुद्दाम गप्प बसतात की काय? की हे सगळं मला झोपेतच ऐकू येतं? वॉर्डात असे रुग्ण मी पाहिलेत. घरी येऊन मी स्वतःचीच नाडी मोजली. ठीक होती, त्याने तर मी आणखीच चक्रावले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हा दोघांना मास्तरांच्या खोलीत समोरासमोर बसवलं. बाबांचा डोळा लागलेला पाहून मी हळूच वर आले होते. मास्तर मांडीवर हात ठेवून बसले, श्वाससुद्धा जपून घेत होते. आज माझ्या कानात कापूस नव्हता. अडीच वाजून चार मिनिटांनी, पायाखालून अगदी स्वच्छ आवाज आला. धप्प.

खाली माझं घर. घरात फक्त बाबा.

पडले! मला एवढंच सुचलं. जिना कसा उतरले देव जाणे. दार ढकललं तर बाबा खोलीच्या मधोमध उभे. वॉकर उचलत होते, पुढे आपटत होते, मागून पाय ओढत होते. घामाघूम झालेले.

"बाबा! कोणाला विचारून उठलात?"

"दारापर्यंत जमतंय आता," ते धापा टाकत म्हणाले. "तू जागी असलीस की उठू देत नाहीस."

"आणि वरच्यांचं नाव सांगितलंत?"

"चुकलंच ते." ते खाली बघायला लागले. "तू धाकट्याला फोनवर म्हणालीस ना, चालायला लागले नाहीत तर वृद्धाश्रम बघावा लागेल. म्हटलं, लागू या चालायला."

मी धाकट्या भावाला तसं म्हणाले होते. ते झोपलेत असं समजून म्हणाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोवर मालकीणबाई आणि मास्तर मागे येऊन उभे राहिले होते. बाबांनी वॉकर घट्ट धरला.

"बाई, खोटं मी बोललो," ते म्हणाले. "जागा सोडायची तर मी सोडतो. जाईन मी आश्रमात. हिला राहू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काहीतरीच काय, बाबा!" मी म्हणाले. पण हे म्हणायला मला उशीर झाला, आणि तो उशीर बाबांच्या लक्षात आला.